बाईंचा आवाज : नाशिकजवळच्या एका माहितीपटाचं प्रकरण

“माझं तोंड कुणी दाबलं गं?”

बाईंनी हे विचारलं तेव्हा माहितीपट संपून मिनिटभरही झालं नव्हतं. आश्रमाच्या ओसरीत दोन खांबांना बांधलेल्या चादरीवर प्रोजेक्टरचा नुसता निळा उजेड पडला होता, आवाजवाला पोरगा वायरी गुंडाळत होता आणि आम्ही तिघं कौतुकाची वाट बघत बसलो होतो. बाई ८०च्या पुढच्या. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, पण त्यानंही अंधुकच दिसायचं. म्हणजे आमचा ५२ मिनिटांचा माहितीपट त्यांनी पाहिलाच नव्हता, ऐकला होता. आणि त्यांना जे ऐकू आलं ते असं : आपण बोलायला लागतो, दोन-तीन शब्द होतात, मग आपला आवाज कुणीतरी खाली दाबतं आणि त्यावर एक अनोळखी तरुण मुलगी इंग्रजीत बोलत सुटते.

आमच्या धंद्यात याला व्हॉइसओव्हर म्हणतात. गेली १४ वर्षं मी तो बिनदिक्कत वापरत आले होते.

हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण म्हणजे नाशकात सध्या कॅमेरे घेऊन फिरणारी पोरं फार वाढली आहेत. २०२६-२७चा सिंहस्थ तोंडावर आहे, त्यामुळे रामकुंडावर आणि त्र्यंबकला जो तो साधूंच्या मागे. त्यातली काही जण माझ्याकडे येतात, परवानगीचा कागद कसा करायचा, पैसे कुठून मिळतात वगैरे विचारतात. त्यांना दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा आम्ही एकदा कुठे आणि कसे घसरलो ते लिहून ठेवलेलं बरं. नावं कुणाचीच देत नाही, आश्रमाचं गावही सांगत नाही. नाशिकहून सकाळच्या एसटीनं निघालं तर चहाच्या वेळेला पोचता येतं, इतकं पुरे.

‘मानभावी’

आश्रम महानुभाव पंथाचा. नाशिक जिल्ह्यात या पंथाचे अनुयायी गावोगाव आहेत. संसारी असतील तर त्यांना वासनिक म्हणतात, घरदार सोडून अनुसरण घेतलेल्या बायकांना तपस्विनी. एकमेकांना भेटल्यावर ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात. श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर हे त्यांचे पंचकृष्ण. बाकी देवतांची पूजा नाही, त्यामुळे पावलापावलावर देऊळ असलेल्या आमच्या गावात ही माणसं कुणाला फारशी दिसतच नाहीत.

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते निमाणीच्या बसस्टँडवर. काळी वस्त्रं नेसलेल्या दोन म्हाताऱ्या झोळी खांद्याला अडकवून पेठच्या बसची चौकशी करत होत्या. बाकावरच्या एका बाईनं आपल्या पोराला स्वतःकडे ओढलं आणि हळूच म्हणाली, “मानभावाच्या आहेत, तिकडं बघू नको.” म्हाताऱ्यांनी ऐकलं असणार, चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

‘मानभावी’ हा शब्द मीही हजारदा वापरला होता. वरून गोड, आतून लबाड अशा माणसाला आपण मानभावी म्हणतो. तो ‘महानुभाव’चाच अपभ्रंश आहे हे कॉलेजात कधीतरी वाचलं होतं, पण त्या दिवसापर्यंत शब्दाला तोंड नव्हतं. म्हणसुद्धा आहे, ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’. एका म्हणीत दोन समाजांना एकदमच बदनाम करण्याची ही आपली काटकसर. गैरसमज पिढ्यान्‌पिढ्या कसा टिकतो ते बघायला संशोधनाची गरज नाही, घरातला शब्दकोश पुरतो.

हा गैरसमज आला कुठून, तर त्याला बरीच कारणं आहेत. १३व्या शतकात चक्रधरांनी मराठीत उपदेश केला, संन्यासाची वाट बायकांना आणि शूद्रांना मोकळी केली. बायकांच्या पाळीचा विटाळ मानू नये, शरीरातून इतर स्राव जातात तसाच तोही एक, असं त्यांनी शिष्यांना सांगितल्याची नोंद पंथाच्या ग्रंथांत आहे. वर्णाश्रमाच्या चौकटीला हे पचणारं नव्हतंच. पुढे १४व्या शतकापासून पंथीयांनी आपल्या पोथ्या सांकेतिक लिपींत उतरवायला सुरुवात केली. त्यांतली सकळ लिपी सगळ्यात प्रसिद्ध. मग बाहेरच्यांनी तर्क केला की लपवतात म्हणजे वाईटच असणार. आत काय आहे हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी ते कुलूप उघडलं आणि आत निघालं काय, तर मराठीतलं सगळ्यात जुनं गद्य. ज्यांना आपण लबाड म्हणत होतो त्यांनीच आपली भाषा जपून ठेवली होती. मराठी विषय घेतलेल्या प्रत्येकाला हे परीक्षेपुरतं माहीत असतं, आणि पेपर देऊन बाहेर आल्यावर तोच विद्यार्थी मित्राला मानभावी म्हणतो.

एका दगडात दोन पक्षी

खरं सांगायचं तर माहितीपटाची कल्पना माझ्या मनात निमाणीवर आली, पण ती कागदावर उतरली ती पैसे देणाऱ्या संस्थेचा अर्ज पाहून. त्या वर्षी त्यांना दोन विषय हवे होते : वंचित स्त्रिया आणि गैरसमजाचे बळी ठरलेले धर्मपंथ. मला दोन्ही एकाच अंगणात सापडले होते. अर्ज एका रात्रीत लिहिला आणि पैसे मिळाले. इथेच पहिली गोम होती, कारण बायका वंचित आहेत हे शूटिंगच्या आधीच ठरून गेलं होतं. त्या तशा आहेत की नाहीत हे विचारायचं राहिलं.

दुसरी चूक परवानगीची. आश्रमाचे महंत, ज्यांना सगळे बाबा म्हणतात, पन्नाशीतले, मृदू, संस्कृत आणि जुनी मराठी दोन्ही शिकलेले. त्यांना आम्ही विषय सांगितला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, कागद वाचला, सही केली, आश्रमाचा शिक्का मारला. त्या एका सहीवर ११ बायकांचं आयुष्य आम्ही चित्रित करणार होतो. तेव्हा ते मला खटकलं नाही. उलट बाबांनी इतक्या लवकर होकार दिला म्हणून आम्ही कॉलेज रोडला जाऊन मिसळ खाल्ली.

एरवी मीच वर्गात सांगते की कारखान्यातल्या कामगारांची परवानगी मालकाकडून घ्यायची नसते. पण मालकाच्या जागी महंत आला, आणि तोही इतका सज्जन, की नियम डोक्यातून गेला.

शूटिंग डिसेंबर ते फेब्रुवारी असं तुकड्यातुकड्यांनी १९ दिवस चाललं. पहिले चार दिवस बायका कॅमेऱ्यासमोरून वाकून जायच्या. पाचव्या दिवशी बाईंनी आम्हाला हाक मारली आणि सूप पुढे ढकललं. “बसून काय ऱ्हाता, हात लावा.” ज्वारीत टोके झाले होते.

ज्वारी निवडण्याचा हा प्रसंग संपूर्ण माहितीपटात मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून तो नीट सांगते. आपल्याकडे धान्याला टोके लागले की आपण ते उन्हात घालतो, पाखडतो आणि विसरतो. बाईंना किडा मरायला नको असतो. पाणी गाळून घेणं, दिवा उघडा न ठेवणं, चूल पेटवण्याआधी लाकूड आपटून मुंग्या पाडणं ही सगळी त्याच आचाराची अंगं. त्या सुपात ज्वारी पसरायच्या, तळहातानं सावकाश फिरवायच्या आणि थांबायच्या. दिसत नव्हतंच, तर्जनीच्या टोकाला हालचाल लागायची. मग तो काळा ठिपका चिमटीत न धरता बोटावर चढू द्यायचा, बोट वडाच्या पानापाशी न्यायचं आणि किडा उतरेपर्यंत वाट बघायची. पान भरलं की लिंबाच्या बुंध्याशी ठेवून यायचं. शेरभर ज्वारीला पाऊण तास लागला. कॅमेरामन म्हणाला, एवढ्या वेळात दुसरं काय काय घेतलं असतं. पण त्यानं कॅमेरा बंद केला नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

धाकट्या बाईंची गोष्ट वेगळी. वय चाळिशीच्या आसपास, आश्रमात येऊन सहा वर्षं झालेली. एका रात्री चुलीपाशी भाकरी भाजता भाजता त्या आपणहून बोलायला लागल्या. नवऱ्यानं दुसरी आणली, ते दिवस कसे गेले, एका पहाटे पिशवी घेऊन दिंडोरी तालुक्यातल्या त्या गावातून कशा चालत निघाल्या, मागे राहिलेला मुलगा. दोन तास. आवाजवाल्या पोराच्या डोळ्यांत पाणी. मी मनातल्या मनात म्हणत होते, मिळाला, माहितीपटाचा कणा मिळाला. या वाक्याची आता लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

चादरीवरचा पहिला खेळ

पैसे देणाऱ्या संस्थेला इंग्रजी निवेदन हवं होतं. परदेशी प्रेक्षक पाट्या वाचत नाहीत असं त्यांचं म्हणणं. पुण्याहून एका मुलीचा सुरेख आवाज घेतला. मार्चमध्ये कच्चं संकलन तयार झालं आणि शिष्टाचार म्हणून आश्रमात दाखवायला नेलं. शिष्टाचार हाच शब्द तेव्हा आमच्या डोक्यात होता. बदल करायचे ठरलेच नव्हते.

तिथे बाईंनी तो प्रश्न विचारला.

मी काहीबाही समजावून सांगायला गेले. बाहेरच्या लोकांना मराठी कळत नाही वगैरे. बाई म्हणाल्या, “बरं. मग ती पोरगी काय म्हणली ते मला मराठीत सांग.” आणि मांडी ठोकून बसल्या.

कुणाही माहितीपटवाल्यानं ही परीक्षा एकदा द्यावी. निवेदनाचे कागद हातात घेऊन मी ओळीओळीचं मराठी करायला लागले. पहिली दोन वाक्यं ठीक गेली. तिसऱ्याला जीभ अडखळली. इंग्रजीत जे वाक्य मला हळवं आणि नेटकं वाटलं होतं त्याचं मराठी होत होतं, ‘समाजानं टाकून दिलेल्या या बायका’. समोर त्या ११ जणी बसलेल्या. मी शब्द मऊ करायचा प्रयत्न केला, बाईंच्या लगेच लक्षात आलं. “लिवलंय तसंच सांग.”

सांगितलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग बाई म्हणाल्या, “मला कुणी टाकलं? मालक गेले तेव्हा मी १९ वर्षांची. दीर जमिनीचा तुकडा देत होता, सासू लुगडं घेत होती, ऱ्हा म्हणत होती. मी निघाले. चालत निघाले. तुझ्या शिनेमात मी निघालेली कुठंय?”

ती कुठेच नव्हती. १९ दिवसांच्या शूटिंगमध्ये त्यांनी हे दोनदा सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा आम्ही ते कापलं होतं, कारण आमच्या अर्जात बसत नव्हतं. वंचित बाई स्वतःच्या पायांनी निघाली की ती वंचित उरत नाही, आणि वंचित नसेल तर पैशाचा दुसरा हप्ता कशावर मागणार?

बाबा इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होते. त्यांनी नागदेवाचार्यांची गोष्ट काढली. चक्रधरांनंतर पंथाची धुरा नागदेवांकडे आली. केशोबास हे त्यांचे विद्वान शिष्य, संस्कृतात लिहू पाहणारे. नागदेवांनी त्यांना अडवलं. असं केलंस तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील, या अर्थाचं ते बोलले. म्हातारी म्हणजे पंथातल्या साध्या, अक्षरशत्रू बायका, ज्यांना धर्म फक्त मराठीतून मिळत होता. संस्कृत आलं की त्यांचं सर्वस्व लुटलं जाणार. मराठीच्या इतिहासात हे वाक्य सगळे वाचतात. त्या रात्री ते माझ्यावर लागू झालं होतं. बाबांनी त्याचा अर्थ लावून दाखवला नाही, तेवढी मेहेरबानी केली.

बाई हसल्या. “मग? म्हाताऱ्या अजून हायेत.”

इथे एक आडवळण घेते. दादासाहेब फाळके आमच्याच त्र्यंबकचे, जन्म १८७०चा. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ करताना त्यांना तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंके या पुरुषानं लुगडं नेसून ते काम केलं. तो मूकपट होता, त्यामुळे आवाजाचा प्रश्नच आला नाही. शंभर वर्षांनी त्याच जिल्ह्यात आम्हाला बाई मिळाली होती, एक सोडून ११ मिळाल्या होत्या, आणि आम्ही त्यांच्या तोंडी पुण्याची मुलगी बसवली.

फोन

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाबांच्या मोबाइलवरून फोन आला. बोलत होत्या धाकट्या बाई. आदल्या रात्री त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. मुलाचं लग्न ठरतंय, म्हणाल्या. ज्या मुलाला सोडून आल्या तो आता २२ वर्षांचा, आईशी पुन्हा बोलायला लागलाय, मुलीकडचे लोक बघून गेलेत. “ताई, हे मोबाइलात येतं का?”

येतं, म्हणाले मी.

त्यांची समजूत अशी होती की सिनेमा म्हणजे थिएटरात लागतो, नाशकातल्या लोकांनी बघितला तरी गावाकडे कोण जातंय. सात मिनिटांचा तुकडा व्हॉट्सअपवर त्यांच्या सासरी पोचायला सात मिनिटंही लागली नसती, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. परवानगीच्या कागदावर ‘सर्व माध्यमांतून’ असं लिहिलेलं होतं, पण तो कागद त्यांनी पाहिलाच नव्हता.

आमच्यात यावरून कडाक्याचं भांडण झालं. कॅमेरामनचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. ही एकट्या त्यांची गोष्ट नाही, अशा किती जणी गप्प बसलेल्या असतात, त्यांच्यासाठी एकीनं बोलणं महत्त्वाचं. शिवाय त्या कॅमेऱ्यासमोर स्वतःहून बोलल्या होत्या, चेहरा धूसर करून आवाज बदलता येईल. मी म्हटलं, ११ बायकांच्या आश्रमात चेहरा धूसर केला तर ओळखायला किती वेळ लागतो? आणि आवाज बदलायचा म्हणजे पुन्हा तेच, तोंड दाबणं. आवाजवाला पोरगा इतकंच म्हणाला, “मॅडम, त्या चुलीकडं बघून बोलत होत्या. कॅमेऱ्याशी नाही.” त्यावर भांडण मिटलं.

ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं तेव्हा कायद्याच्या बाजूनं आम्ही बऱ्यापैकी सुरक्षित निघालो. धार्मिक भावना दुखावल्याचा कुणी वासनिकानं आरोप केला तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ला जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेला अपमान लागतो, जो इथे नव्हता. धाकट्या बाईंच्या बाबतीत आश्रमाचा सहीशिक्का होता. वकीलबाई फाइल मिटताना म्हणाल्या, “कागद तुमच्याकडे आहे, पण त्यावर त्यांचं नाव कुठाय?”

सात मिनिटं काढली. मूळ चित्रीकरण आम्ही आश्रमात जाऊन, लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवून पुसलं, बॅकअपच्या डिस्कवरूनही. त्यांनी एकच मागितलं, चुलीपुढचा एक फोटो, कागदावर छापलेला. रविवार कारंज्याजवळच्या स्टुडिओतून काढून दिला. तो त्यांनी पोथीच्या रुमालात ठेवला.

म्हणीचं काय करायचं

बाबांचा आक्षेप वेगळाच होता. माहितीपटाच्या सुरुवातीला आम्ही दहीपुलावरच्या एका फळवाल्याला विचारलं होतं, ‘मानभावी’ म्हणजे काय. त्यानं हसत हसत अर्थ सांगितला, वर ती म्हणही म्हटली. बाबा म्हणाले, हे काढा, आमच्या पोरांनी हे का ऐकायचं? आजवर पंथाविरुद्ध जे जे लिहिलं गेलं त्याविरुद्ध आमच्या आधीच्या महंतांनी अर्ज-विनंत्या करून दुरुस्त्या करून घेतल्या, आणि तुम्ही तेच पुन्हा पडद्यावर आणता.

बाईंचं मत बरोबर उलटं. “ऱ्हाऊ द्या. ती शिवी त्यांच्या तोंडात हाय, आपल्या नाही.”

मला अजूनही वाटतं दोघांचंही बरोबर होतं. चांगल्या हेतूनं दाखवलेली शिवीही शिवीच असते, आणि लोकांच्या लक्षात तीच राहते. पण ती झाकली तर माहितीपट एका गोड, काळ्या वस्त्रांतल्या पंथाची ओळख होऊन बसणार, आणि निमाणीच्या बाकावरची बाई त्यात कुठेच नसणार. शेवटी फळवाला काढला. अख्खी भाषा जे बोलते त्याची जबाबदारी एका संत्री विकणाऱ्यावर का टाकायची? त्याच्याऐवजी ती म्हण बाईंनी स्वतः म्हटली. बोळकं तोंड, म्हण पूर्ण होण्याआधीच त्यांना हसू फुटलेलं. बाबा नाखूशच राहिले. तरी त्यांनी ते स्वीकारलं, बाईंनी म्हटलं म्हणून.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. आश्रमात बाबांचा शब्द शेवटचा, असा आमचा समज होता. आम्ही परवानगी त्यांच्याकडून घेतली ती त्याच समजापोटी. आतली रीत निराळी निघाली. चक्रधरांच्या शिष्या महदाइसा सतत काही ना काही विचारत राहायच्या असं पंथाच्या ग्रंथांत येतं, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण त्यांचे धवळे शिकतो. म्हातारीनं प्रश्न विचारायचे आणि महंतानं ऐकायचं याला तिथे ७०० वर्षांची वहिवाट आहे. आम्ही बाहेरून येऊन त्यांना बाबांच्या सहीखाली झाकलं.

दुसरं संकलन

इंग्रजी निवेदन पूर्ण काढलं. मराठी निवेदनही घेतलं नाही. बायका बोलतील तेवढंच, खाली पाट्या इंग्रजीत. पाट्यांचं इंग्रजी आधी मराठीत उलटवून बाईंना वाचून दाखवायचं आणि त्या हो म्हणाल्या तरच ठेवायचं, असा नेम केला. ‘अनुसरण’ला शब्द सापडेना. संन्यास म्हटलं तर बाई म्हणायच्या, तो निराळा. शेवटी तो शब्द तसाच ठेवला, परदेशी माणसानं एक मराठी शब्द शिकला तर काही बिघडत नाही. परवानगी पुन्हा घेतली, प्रत्येकीची, मराठीत वाचून दाखवून, आणि सहीऐवजी आवाजात : माझं नाव अमुक, मी हे ऐकलं, मोबाइलवर येऊ शकतं हे मला सांगितलं. दोघींनी नकार दिला. त्या दोघी जिथे जिथे होत्या ते काढायला संकलकाला आठ दिवस लागले.

संदर्भ म्हणून या काळात मी ‘लीळाचरित्र’ पुन्हा वाचायला घेतलं. म्हाइंभटांनी १२७८च्या सुमारास चक्रधरांच्या आठवणी जमवल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना गाठून गाठून. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवल्या, कुणाचं म्हणणं कुठलं तेही नोंदवलं. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली तेव्हा पंथातल्याच हिराइसा नावाच्या बाईंना ती मुखोद्गत होती म्हणून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, असं पंथपरंपरा सांगते. माहितीपटाच्या शाळेत हे शिकवत नाहीत. शिकवायला हवं, असं मला आता वाटतं, निदान नाशकात तरी.

५२ मिनिटांची ३४ झाली. पैसे देणाऱ्या संस्थेचं पत्र आलं : कणा गेला, संघर्ष दिसत नाही, निवेदन नसल्यानं बाहेरच्या प्रेक्षकाला संदर्भ लागणार नाही. शेवटचा हप्ता त्यांनी अर्धाच दिला. त्यांच्या नियमांप्रमाणे ते चूक नव्हते, अर्जात मी जे कबूल केलं होतं ते मी दिलंच नव्हतं. उरलेला खर्च लग्नांची शूटिंग करून भागवला. एका महोत्सवानं घेतला, तिघांनी परत पाठवला. नाशकात एका लहानशा सभागृहात ६०-७० माणसांसमोर दाखवला तेव्हा एक निवृत्त मराठीचे मास्तर उठून म्हणाले, मी ३० वर्षं ‘मानभावी’ शब्दाचा वाक्यात उपयोग करायला लावला. पुढे काहीतरी बोलणार होते, पण बसले.

आश्रमातला दुसरा खेळ श्रावणात झाला. बाहेर भुरभुर पाऊस, त्यामुळे चादर आत बांधली. गावातल्या वासनिक बायकाही आल्या होत्या. बाई यावेळी पडद्याकडे पाठ करून बसल्या, स्पीकरकडे तोंड करून. आपला आवाज पूर्ण ऐकू येतोय म्हटल्यावर मान हलवत राहिल्या. ‘मी निघाले’ हे वाक्य आलं तेव्हा शेजारणीच्या गुडघ्यावर थाप मारली. मग ज्वारी निवडण्याचा प्रसंग आला. अडीच मिनिटं, कुणी बोलत नाही, नुसता सुपाचा आवाज.

बाईंची मान हलायची थांबली.

संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. “सगळं बेस झालं. पर ते सुपात काय हाय?”

ज्वारी, म्हणाले मी.

“दिसायला असंल. आवाज बाजरीचा हाय.”

मी संकलकाकडे पाहिलं. त्यानं खाली बघितलं. ज्वारीच्या दिवशी शेजारच्या मळ्यात ट्रॅक्टर चालू होता, आवाज वापरण्यासारखा नव्हता. म्हणून त्यानं दुसऱ्या एका दिवसाचा सुपाचा आवाज त्याखाली लावला होता. मलाही सांगितलं नव्हतं. कुणाला कळणार आहे, असं त्याला वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात पोराला माइक घेऊन पाठवलं. जाताना पंचवटीतल्या मार्केटातून दोन किलो ज्वारी घेऊन गेला, कारण बाईंनी बजावून ठेवलं होतं, आश्रमातली संपलीय, येताना घेऊन ये, आणि बघून घे, टोके झालेली नको, निवडायला मला वेळ न्हाई.